बर्फच आहे ना!

माझी नणंद नाकावर राग घेऊनच जन्माला आली, असं सासूबाई सांगायच्या. सांगताना कपाळाला हात लावायच्या, पण आवाजात थोडा अभिमानही असायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा ती कॉलेजात होती. माझं शिलाई मशीन घरच्यांनी मागच्या अंधाऱ्या खोलीत लावलं होतं. चार दिवसांनी ती आत डोकावली, मला सुईत दोरा ओवताना बघितलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डोळे फोडून घ्यायचेत का हिला?" असं घरभर ओरडत तिने ते जड मशीन एकटीने ओढत पुढच्या खिडकीपाशी आणलं. सासऱ्यांची आरामखुर्ची त्यासाठी हलवावी लागली. सासरे आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. मशीन मात्र आजही त्याच खिडकीत आहे.

पुढे मला मुलं झाली, ती तिला आत्या म्हणू लागली आणि मुलांच्या मागोमाग मीही. लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "माझा राग मला एकटीलाच पुरत नाही, त्यात वाटेकरी कुठे आणू?"

शिकून ती संशोधन संस्थेत लागली. गुरू ग्रहाच्या चंद्रांवरची जमीन कशाची आहे, हे शोधण्याचं तिचं काम. मी एकदा विचारलं, "तिथे जाऊन कोणी मूठभर माती आणलेली नाही, मग तुला कळतं कसं?" तिने शांतपणे सांगितलं, शिकवताना ती शांत असायची, हे खरं. सूर्याचा उजेड त्या चंद्रावर पडतो आणि परत फिरतो. पण पुरता परत येत नाही. त्यातला अवरक्त भाग, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, तिथला बर्फ थोडा गिळतो, मीठ थोडा गिळतं, वायू थोडा गिळतात. उरलेला दुर्बिणीत पकडायचा आणि त्याची रेघ काढायची. जिथला उजेड गिळला गेला तिथे रेघेला खळगा पडतो. प्रत्येक पदार्थाचा खळगा ठरलेल्या जागी. चोरी कोणाची हे खळग्यावरून ओळखायचं.

"आणि ओळखू आला नाही तर?"

"तर इथे तसला बर्फ बनवायचा आणि त्याची रेघ काढून ताडून बघायची."

तो बर्फ ती बनवायची. संस्थेच्या तळघरात तिची खोली होती, खिडकी नसलेली. मधोमध पिंपाएवढं एक पोलादी भांडं, त्याला चारी बाजूंनी नळ्या, वायरी आणि काचेचे गोल झरोके. आतली हवा पंपाने ओढून काढलेली आणि आतलं थंडपण असं, की आपल्या फ्रीजमधला बर्फ त्यापुढे उकळता म्हणावा. आत एका चकतीवर ती थोडीशी वाफ सोडायची. तिचा पापुद्रा गोठायचा, केसापेक्षाही पातळ. एवढ्याशा पापुद्र्यासाठी एवढं मोठं धूड! मी हसले तर म्हणाली, "हस. तुझ्या बटणाच्या काजासाठीही अख्खं मशीन लागतंच ना?"

गुरूच्या एका चंद्राच्या रेघेत एक लहानसा खळगा होता. तो कशाचा, ते कोणाला सांगता येत नव्हतं. आत्याच्या विभागाचे प्रमुख, सगळे त्यांना सर म्हणायचे, त्यांचं मत असं की त्या चंद्राच्या पोटात समुद्र आहे आणि त्यातून काही कार्बनी द्रव्यं वर आली आहेत. सजीवांना लागतात तसली. त्यांनी तसा लेख लिहिला. लेख गाजला. सर टीव्हीवर दिसले.

आत्याचं म्हणणं वेगळं. खालून काही आलंच असेल असं कशावरून? गुरूभोवती विजेचे बारीक कण सतत भिरभिरत असतात. ते युगानुयुगं त्या बर्फावर आपटतात. साध्या खारट बर्फाचाच मार खाऊन खाऊन काही वेगळा पदार्थ झाला असेल. "असेल" म्हणायची, "आहे" म्हणायची नाही. ते करून बघायला तिने मीठ आणि कार्बन डायऑक्साइड घालून बर्फाचा पापुद्रा केला आणि त्यावर इलेक्ट्रॉनचा मारा सुरू केला. अगदी मंद. इतर ठिकाणी असला मारा दोन-तीन दिवसांत उरकतात.

"जोरात मारलं की पापुद्रा तापतो," ती म्हणायची. "मग तो चंद्रावरचा बर्फ राहत नाही, तव्यावरचा होतो. उरकायचंच असेल तर करता कशाला?"

म्हणून तिचा मारा महिनोन् महिने चालला. भांडं क्षणभरही ऊब खाऊ द्यायचं नाही. ऊब लागली की बर्फाची घडण बदलते, आत अडकलेला वायू निसटतो आणि सगळं मुसळ केरात. दर सोमवारी रेघ काढायची. काही आठवड्यांनी तिच्या रेघेला एका जागी किंचित वाक दिसायला लागला. आमच्या घरी जेवताना तिने तो बोटाने टेबलावर काढून दाखवला. मला काही दिसलं नाही, पण तिचा चेहरा दिसला. त्या दिवशी तिने आमटी अळणी झाल्याबद्दलही कोणाला बोल लावला नाही.

माझ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा सोबत तीच आली. आमचे हे अशा प्रसंगी हातपाय गाळतात. ऑपरेशन झालं, उजव्या डोळ्यावर पट्टी बसली, आणि आम्ही दवाखान्याच्या बाकावर घरी जायच्या परवानगीची वाट बघत होतो. तेवढ्यात तिचा फोन वाजला. भांड्याचं तापमान वाढलं की फोनवर इशारा येईल, अशी सोय तिने करून घेतली होती. तिने फोन बघितला आणि उठलीच.

"वहिनी, तुला टॅक्सीत चक्कर येईल का?"

"नाही."

"मग चल."

संस्थेच्या आवारात गाड्याच गाड्या होत्या. वरच्या सभागृहात सरांचा सत्कार चालू होता, त्याच गाजलेल्या लेखाबद्दल. टाळ्यांचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. आम्ही खाली उतरलो. तळघरात अंधार होता. एरवी तिथे पंपाची घरघर असायची, इतकी की बोलायला ओरडावं लागे. आता काहीच आवाज नव्हता. आत्याने मोबाइलचा उजेड काचेच्या झरोक्यावर धरला आणि तशीच उभी राहिली.

मग तिला दारात वायरमन दिसला. संस्थेचा जुना माणूस, शर्टाच्या खिशाला टेस्टर. आत्या त्याला नेहमी अहो-जाहो करायची. भांडायची तीसुद्धा अहो-जाहोतच. त्या दिवशी ती अरे-तुरेवर आली.

"तू बंद केलीस लाइन? तू?"

"मॅडम, वर एसी झेपत नव्हता, म्हणून..."

"एसी! अरे, अक्कल गहाण टाकलीस का? दारावर एवढी पाटी लावली आहे, वाचता येत नाही? किती महिने झाले मी हे सांभाळतेय! निष्काळजी माणूस! तुझ्यासारख्याला कामावर ठेवतं कोण?"

तिच्या आवाजाने जिन्यात माणसं जमली. लेखनिक, शिपाई, वरून पाणी प्यायला उतरलेले दोघे पाहुणे. वायरमनचा चेहरा पडला. तो एवढंच म्हणाला, "मी विचारलं होतं, मॅडम." पण आत्या तोवर भांड्याकडे वळली होती. तिने ते ऐकलं नाही. मी ऐकलं. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही, आणि डोळा ठणकत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर आमच्या घरी आले. आत्या आमच्याकडेच थांबली होती. मी पट्टी बांधून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. ह्यांनी चहा केला. माझ्या आजारपणातच त्यांच्या हातचा चहा मिळतो. सरांनी माझी चौकशी केली, "विश्रांती घ्या" म्हणाले, आणि त्यानंतर मी खोलीत नाहीच असं धरून बोलू लागले.

"झालं ते वाईट झालं," सर म्हणाले. "वार्षिक अहवालात आपण तांत्रिक बिघाड असं घालू."

"बिघाड कसला? लाइन बंद केली."

"हो, पण तसं लिहून काय साधणार? सभागृहात घामाने माणसं उठायला लागली होती. वायरमनने फोन केला, तळघराची लाइन काढू का म्हणून. खाली प्रयोग चालू आहे असंही म्हणाला. मी म्हटलं काढ. दोन तासांचा तर प्रश्न. बर्फच आहे ना! परत गोठेल."

मी एका डोळ्याने आत्याकडे वळून बघितलं. ती पांढरीफटक पडली होती.

"तुम्ही सांगितलंत?"

"अहो, त्या क्षणी—"

"तुम्हांला माहीत आहे काय वितळलं ते. वायरमनला नसेल माहीत, शिपायाला नसेल. तुम्ही याच विषयाचे ना? परत गोठेल ते पाणी! त्यावर झालेला मारा परत गोठतो का? आणि मी त्या माणसाला... उठा. उठा इथून."

"रागात बोलू नका."

"रागातच बोलतेय! राग येऊ नये असं काय केलंत तुम्ही? उठा!"

सर उठले. चहा तसाच राहिला. आमचे हे त्यांना दारापर्यंत पोचवून आले आणि नेहमीचं औषध काढलं, "जाऊ दे. मोठी माणसं आहेत." जाऊ दे हा आमच्या ह्यांचा श्वास आहे. दूध नासलं जाऊ दे, भाऊबंदांनी फसवलं जाऊ दे. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांच्या अंगावर कप फेकावासा वाटला.

पुढच्याच आठवड्यात कळलं की वायरमनला निलंबित केलं. कारण: परवानगी न घेता तळघराचा पुरवठा तोडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आत्याने तांत्रिक बिघाड मान्य केला नाही, तेव्हा कोणाच्या तरी माथी ते मारणं भाग होतं, आणि सरांना फार लांब जावं लागलं नाही.

आत्या त्याच्या घरी गेली. मला बरोबर नेलं, कशाला ते तिलाही सांगता आलं नसतं. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, जिन्यात सायकली. दार त्याच्या बायकोने उघडलं. आत्याने कोण ते सांगितलं, तशी ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"आता आणखी काय बोलायचं राहिलंय?"

"मी माफी मागायला आले आहे."

"चारचौघांत बोललात ना? मग माफी जिन्यात कशी?"

मला वाटलं, आता आत्या भडकणार. ती मान खाली घालून उभी होती. "तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली.

"कामावर कोण ठेवतं म्हणालात. बघा, नाहीच ठेवलं. सकाळी जेवणाचा डबा भरून द्यायची सवय आहे मला. परवा भरला आणि मग आठवलं. हे आतच आहेत, भिंतीकडे तोंड करून. तुमच्याशी नाही बोलायचं म्हणतात."

दार लागलं. जिना उतरताना आत्या एका पायरीवर थांबली आणि कठड्यावर इतक्या जोरात मूठ मारली की खालून कोणीतरी "काय पडलं?" म्हणून ओरडलं.

चौकशी समिती बसली. लांब टेबल, तिघेजण, पाण्याच्या बाटल्या. मी बाहेर बाकावर. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. आत्याने घडलं ते सांगितलं. मग समितीतल्या एकाने विचारलं, "मॅडम, त्या दिवशी तुम्हीच वायरमनला निष्काळजी म्हणालात. पाच जणांनी तसं सांगितलं आहे. म्हणालात की नाही?"

"म्हणाले."

"मग?"

मग काय! तिचंच बोलणं त्या माणसाच्या गळ्यातला फास झालं होतं. तिने सांगितलं, "मी चुकीच्या माणसावर ओरडले. मला तेव्हा माहीत नव्हतं."

त्यावर सरांचा आवाज आला, मऊ, समजुतीचा. "यांचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. हाडाच्या संशोधक आहेत, पण राग आला की समोर जो असेल तो. आधी त्याच्यावर, आता माझ्यावर. मी असं काही सांगितलं नव्हतं. मला तर तो फोन आठवतही नाही."

मी आयुष्यभर कापड बेतलं. मोठ्या माणसांच्या खोलीत न बोलावता कधी गेले नाही. त्या दिवशी मी दार ढकललं.

"आमच्या घरी येऊन म्हणालात ना तुम्ही? बर्फच आहे ना, परत गोठेल, असं म्हणालात. वायरमनने विचारलं, मी म्हटलं काढ. हे तुमचेच शब्द."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी कोण ते आत्याने सांगितलं. सर हसले. "बाईंचं नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. औषधाच्या गुंगीत असतील. पट्टी होती डोळ्यावर."

"पट्टी डोळ्यावर होती," मी म्हटलं, "कानावर नव्हती."

समितीतल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणखी कोणी ऐकलं का?"

"माझ्या नवऱ्याने."

"ते आले आहेत?"

ते आले नव्हते. सकाळी मी निघताना जाऊ दे म्हणून वर्तमानपत्रात तोंड घातलं होतं. बाई म्हणाल्या, फोन लावा, सगळ्यांना ऐकू येईल असा. मी लावला. बाईंनी आपण कोण ते सांगून विचारलं. पलीकडे शांतता. मला त्या माणसाची प्रत्येक शांतता पाठ आहे, आणि ही जाऊ देची होती. मी डोळे मिटले.

"हो," हे म्हणाले. "म्हणाले तसं. मी चहाचा ट्रे घेऊन समोरच उभा होतो." आणि थोडं थांबून, "तो वायरमन विचारत होता, बिचारा, हेही त्यांनीच सांगितलं."

आत्याने तोंड फिरवलं.

वायरमन कामावर परत आला. निकालाच्या कागदावर लिहिलं होतं, "प्रकार गैरसमजातून घडला." कोणाचा गैरसमज, कसला, काही नाही. सरांना साधी समजही दिली नाही. ते वर्षभराने मानाने निवृत्त झाले, सभागृह भरलेलं होतं आणि एसी व्यवस्थित चालला. न्याय झाला असं लोक म्हणतात. ज्याचं गेलं होतं त्याला ते परत दिलं, याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा.

वायरमनची माफी आत्याने चारचौघांत मागितली, उपाहारगृहात दुपारच्या जेवणाच्या वेळी, खुर्चीवरून उठून, मोठ्याने. त्याने ऐकून घेतलं. मान हलवली आणि जेवू लागला. त्यानंतर आजतागायत तो तिच्याशी कामापलीकडे एक अक्षर बोललेला नाही. तिला ते लागतं. पण त्याला दोष देत नाही.

तिने पुन्हा पापुद्रा केला. तेच मीठ, तोच वायू, तोच मंद मारा. या वेळी तळघराला स्वतंत्र लाइन मिळवली, त्यासाठी किती दारं आपटली ते तिलाच माहीत. वर्ष उलटलं. सोमवारच्या सोमवार रेघा. शेवटी मारा पुरा झाला तेव्हा ती कागद घेऊन थेट आमच्याकडे आली. टेबलावर दोन रेघा ठेवल्या, एक चंद्राची, एक तिची.

मलाही आता दिसत होतं, डोळा बरा झाला होता. तिच्या रेघेला खळगा होता. पण चंद्राच्या खळग्याच्या जागी नव्हता. बराच बाजूला.

"म्हणजे?"

"म्हणजे माझा तर्क चुकला."

"मग सरांचं खरं होतं?"

"त्यांचं कसं खरं झालं?" ती कडाडली. "माझं चुकलं म्हणून त्यांचं बरोबर, हे कुठल्या शाळेत शिकवतात? त्यांनी करून बघितलं का कधी? मी बघितलं! निदान या बर्फाचा तो खळगा नाही, एवढं तरी आता ठामपणे सांगता येतं. एवढ्यासाठी दोन वर्षं गेली. त्यातलं पहिलं एसीत गेलं."

आमचे हे दारातून म्हणाले, "जाऊ..." आणि माझ्याकडे बघून थांबले.

तिने तो निकाल छापला. जुळलं नाही, असं साफ लिहिलं. पहिला नमुना का गेला तेही एका ओळीत लिहिलं: विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून वीजपुरवठा बंद केल्यामुळे. संपादकांनी ती ओळ काढायला सांगितली, विषयाशी संबंध नाही म्हणून. आत्याने उलट लिहिलं, की नमुना नष्ट होण्याचा नमुन्याशी संबंध नसेल तर कशाचा कशाशी आहे ते कळवावं. चार वेळा पत्रं गेली-आली. अखेर छापलं ते "वीजपुरवठा बंद केल्यामुळे" एवढंच. विभागप्रमुख गळाले. बिघाड हा शब्द मात्र तिने येऊ दिला नाही.

आता ती गंधकाचं आम्ल घालून पापुद्रा करते आहे. मागच्या रविवारी जेवायला आली होती. मी विचारलं, या वेळी जुळेल का? तर म्हणाली, "मला काय विचारतेस? त्या चंद्राला विचार," आणि आमटीत मीठ नाही म्हणून माझ्यावर ओरडली.